पिकदाणी आढळली नाही

बावीस वर्षं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत शेड चालवतोय. बँकेनं अपमान केला, जीएसटीनं केला, वीजबिलानं तर दर महिन्याला केला. पण ‘तुमच्याकडे पिकदाणी आढळली नाही’ असं लेखी अजून कुणी दिलं नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कारखान्यांचा जुना कायदा गेला, त्याच्या आधीच्या एका मंगळवारी तेही झालं. वाचून असं वाटतं की पिकदाणी घरातून न सांगता निघून गेलीय आणि पोलीस शोधतायत.

तपासणी म्हणजे कारखाना निरीक्षकांची. पूर्वी कुठल्या शेडवर जायचं ते साहेबच ठरवायचे, आता म्हणे संगणक चिठ्ठी काढतो आणि अहवाल ४८ तासांत ऑनलाइन चढवावा लागतो. गल्लीतल्या भिशीत माझी चिठ्ठी आजवर कधी पहिल्या पाचांत निघाली नाही. ही बरोबर निघाली.

पावणेबाराला शेजारच्या शेडमधून फोन आला, ‘गेटवर गाडी हाय.’ पुढच्या दहा मिनिटांत काय काय झालं ते प्रत्येक शेडवाल्याला माहीत आहे, सांगत बसत नाही. हेल्मेटं माळ्यावरून उतरली, प्रथमोपचार पेटीतलं भडंगाचं पाकीट बाहेर निघालं, पेटीत आयोडीन गेलं. पॉवर प्रेसला गार्ड बसलं. वीज वापरून वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की आपण कारखाना, आमच्यात तेवीस. चार माणसांनी घात केला.

साहेब सभ्य होते. रजिस्टरं बघितली, कॉम्प्रेसरच्या टाकीचं सर्टिफिकेट बघितलं. मग भिंतीवरच्या आगीच्या बादल्यांपाशी थांबले आणि एका बादलीत वाकून बघितलं.

‘बादली लाल ठीक आहे. वाळू का लाल आहे?’

मी काही बोलायच्या आत तात्या पुढं आले. तात्या आमचे सगळ्यात जुने फिटर. जेवण झालं की कात-चुन्याचं पान, आणि पान झालं की तिसऱ्या नंबरची बादली, हा त्यांचा नेम.

‘वल्ली हाय सायेब. आगीला वल्ली वाळू बरी.’

‘तुम्ही यात थुंकता?’

‘मी एकटाच न्हाई,’ तात्या म्हणाले, आणि मागं उभी असलेली पाच-सहा पोरं एकदम छताकडं बघायला लागली.

साहेबांनी कलम सांगितलं. तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम, कलम २०: मालकानं पुरेशा पिकदाण्या ठेवायच्या, त्या स्वच्छ ठेवायच्या, बोर्ड लावायचा, आणि पिकदाणी सोडून दुसरीकडं थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड.

‘पाच रुपयं?’ तात्यांचा चेहरा उजळला. ‘दिसाला, का एका बारीला?’

‘एका वेळेला.’

तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून दहाची नोट काढली आणि साहेबांच्या पुढं धरली. ‘हे दोन बारीचं. एक सकाळचं झालंय, एक जेवल्यावरचं. सुट्टं असलं तरी ऱ्हाऊ द्या.’

‘अहो, मी पैसे घेत नाही. दंड कोर्टात होतो.’

‘कोर्ट म्हंजे विजयनगरला?’ तात्या विचारात पडले. ‘तितं जायाला रिक्षाच किती घिईल. पाच रुपयं भराया रिक्षा करून कोण जाईल सायेब? त्यापरीस तुमीच इकडं येता तवा घेत जावा. महिन्याचं एकदम देतो, वरगणीसारखं.’

मी तात्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. तात्यांनी त्या खुणेचा अर्थ ‘अजून बोला’ असा घेतला.

‘आणि मालकास्नी किती?’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. कायदा मोडल्याची मालकाला शिक्षा तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी होती. तात्यांनी शीळ घातली. ‘थुकायचं आमी, आन् जेलात मालक?’ मागच्या पोरांना हसू आवरेना. मला आवरत होतं.

ती नोट अजून हवेतच होती. तात्यांचा डावा हात. अंगठा, अंगठ्याजवळचं बोट आणि करंगळी. मधली दोन माझ्याकडं यायच्या कितीतरी आधी दुसऱ्याच एका शेडमध्ये प्रेसखाली गेली. नोट धरायला तेवढी तीन पुरतात. साहेब नोटेकडंच बघत होते.

प्रेसपाशी ते दोन मिनिटं थांबले. कलम २१, यंत्राला आडोसा. गार्ड होतं, बरोबरची खूण झाली. पिकदाणीला पाऊण तास. साहेबांना तरी काय बोलू, त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. त्यांना दिसावं म्हणूनच तर आम्ही ते बारा वाजता बसवलं होतं. गार्ड लावलं की हात आत जात नाही, आणि हात आत गेला नाही की तासाला नग कमी निघतात. पोरं नगावर आहेत, गिऱ्हाईक माझ्या मानेवर आहे. गार्ड पोरं काढतात हे खरं. मी त्या वेळी दुसरीकडं बघतो, हेही खरंच, आता कशाला लपवू.

असो. पिकदाणी.

गणपती पेठेत तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, ‘घरात कुणी आजारी आहे का?’ दुसऱ्यानं आतून पितळेची नक्षीदार काढली, वजनावर, आणि वर म्हणाला, ‘फुलं ठेवली तर शोकेसात छान दिसते.’ तिसऱ्याकडून साधी पत्र्याची बादली घेऊन आलो. सेफ्टीचे कन्सल्टंट फोनवर म्हणाले, वाळू भरा, वर ब्लीचिंग पावडर पसरा, झाली पिकदाणी. म्हणजे तात्यांची तिसऱ्या नंबरची बादली आणि कायदेशीर पिकदाणी यांच्यात फरक किती, तर मूठभर ब्लीचिंग पावडर! पाऊण तास त्या मूठभर पावडरीचा होता.

मग जागा. त्याच कायद्याचं कलम १८ सांगायचं की पिण्याच्या पाण्यापासून पिकदाणी सहा मीटर लांब पाहिजे. टेप लावला. आमची शेड तीस बाय साठ फूट, पाण्याची टाकी मधोमध. एका टोकाला लेथ, तिथं जागा नाही. दुसऱ्या टोकाला पॅकिंग, तिथं माल. दारात ठेवली तर ट्रक लागतो. सगळे नियम पाळून पिकदाणी मावेल अशी शेडमध्ये एकच जागा निघाली: माझ्या केबिनचं दार. गिऱ्हाईक आत येताना आता उजव्या हाताला गणपतीचा फोटो आणि डाव्या हाताला पिकदाणी.

पूर्तता केल्याचा फोटो पाठवायचा असतो. तात्या म्हणाले, नुसत्या बादलीचा फोटो वाळूच्या बादलीसारखाच दिसंल, माणूस पाहिजे. मग ते स्वतःच टोपी सरळ करून पिकदाणीशेजारी उभे राहिले, लग्नातल्या मामासारखे. फोटो झकास आला. पाठवायच्या आधी सहज मोठा करून बघितला. तात्यांच्या खांद्यामागं प्रेस चालू होता, पोराचा हात आत होता, आणि गार्ड भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

‘तात्या,’ म्हटलं, ‘जरा इकडं सरका. भिंतीकडून घेऊ.’