श्रावणबाळ आणि फ्लेगेकासे

महाराष्ट्रातला एक वाद दरवर्षी नव्यानं इथवर, जर्मनीत येऊन पोचतो. वृद्धाश्रम वाढले म्हणजे संस्कार संपले, आणि सरकारनं म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला पैसा दिला तर उरलीसुरली मुलंही हात झटकतील. रोख अर्थातच आमच्यासारख्या परदेशी जाऊन बसलेल्यांवर असतो. ते एक वेळ सोडून देऊ. पण खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस रात्री दोन वाजता कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे या वादात कुणी विचारतच नाही, याची चीड येते.

जर्मनीनं १९९५ साली हा प्रश्न विम्याचा करून टाकला. पगारातून ३.६ टक्के जातात, बहुतेक राज्यांत निम्मे नोकरदाराचे आणि निम्मे मालकाचे. मूलबाळ नसलेल्याला आणखी ०.६ टक्का भरावा लागतो. गरज पडली की फ्लेगेकासेला, म्हणजे हा शुश्रूषा विमा चालवणाऱ्या संस्थेला फोन करायचा. फोन केल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण हक्क अर्जाच्या महिन्यापासून लागू होतो. मग मेडिसिनिशर डीन्स्टचा, म्हणजे विम्यासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय सेवेचा माणूस घरी येतो. तो आजाराचं नाव विचारत नाही, आपलं आपल्याला काय करता येतं ते पाहतो. अंघोळ, कपडे, जेवण, शौच यांना ४० टक्के वजन, औषधं आणि उपचार सांभाळण्याला २०, स्मृती-वर्तनाला १५, दिवसाची आखणी आणि माणसांत मिसळण्याला १५, चालण्याफिरण्याला फक्त १०. या गुणांवरून गरजेची श्रेणी ठरते: शंभरपैकी २७ गुण झाले की दुसरी श्रेणी, ४७.५ ला तिसरी. घरचंच माणूस करत असेल तर दुसऱ्या श्रेणीला महिना ३४७ युरो रोख, तिसरीला ५९९, पाचवीला ९९०. संस्थेच्या नर्सबाई येणार असतील तर तिसऱ्या श्रेणीला १४९७ युरोंपर्यंतचं बिल कासे भरते.

घोळ होतो तो त्या भेटीच्या दिवशी. आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. वरची दोन बटणं थरथरत्या हातांनी लावून दाखवतात आणि म्हणतात, माझं मी सगळं करतो. बटणं लावायला दहा मिनिटं लागली आणि पँट सुनेनं चढवली, हे कागदावर येतच नाही. मग पहिली श्रेणी मिळते, आणि पहिल्या श्रेणीला ही रोख रक्कम नाही. म्हणून आधी दोन आठवडे कोणत्या कामात किती मदत लागली त्याची मिनिटांसह नोंद ठेवावी, औषधांची यादी काढावी, रोज करणारं माणूस भेटीला हजर ठेवावं. निकाल चुकीचा वाटला तर महिन्याच्या आत लेखी हरकत घ्यावी.

आता ‘पैसा दिला की मुलं सोडून देतील’ याकडे वळू. २०२३ अखेर जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेले जवळपास ५७ लाख लोक होते, आणि त्यांतले ८६ टक्के घरीच राहत होते. नियमात बसत असेल तर घरी करणाऱ्या लेकी-सुनेच्या पेन्शनचा हप्तासुद्धा कासे भरते. पैशानं इथे नाती तुटली नाहीत. जे करत होते त्यांच्या कामाला मोल आलं.

आपल्याकडे श्रावणबाळाच्या नावाची योजना आहे. महिना १५०० रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. पुण्यात नर्सिंग ब्यूरोची चोवीस तासांची मावशी ठेवायची तर महिन्याला २५-३० हजार लागतात. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर पाच लाखांचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी आणल्यानंतरचे डायपर, वॉटरबेड, मावशी, सगळं खिशातून. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यानं मुलांकडून पोटगी मागता येते, तिची कमाल मर्यादा महिना १० हजार. म्हणजे न्यायाधिकरणाची पायरी चढून जिंकलेल्या आईलाही अर्धी मावशी परवडत नाही.

स्वतःचं घर नसेल तर आणखी कठीण. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपला की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जागा सोडायची, नाही तर दुप्पट भाडं भरपाई म्हणून. वयाचा, आजाराचा विचार त्यात कुठेच नाही. घर बदललं की डॉक्टर, दूधवाला, जिना चढून येणारी मावशी, सगळी घडी मोडते. जर्मनीत घरमालकाला कारण द्यावं लागतं आणि आठ वर्षं राहिलेल्याला नऊ महिन्यांची नोटीस. शिवाय घर सोडणं अतिशय जाचक होईल, अशी लेखी हरकत भाडेकरूला घेता येते. नुसतं वय पुरत नाही, डॉक्टरांचा कागद भक्कम लागतो.

इथलं सगळं गोड नाही, हेही सांगायला हवं. हा विमा अर्धामुर्धाच आहे. नर्सिंग होममध्ये पहिल्या वर्षी महिना सरासरी ३००० युरोंहून जास्त स्वतःचे जातात, आणि बहुतेकांची पेन्शन तेवढी नसते. शिल्लक १० हजार युरोंवर आली की सोत्सियालआम्ट, म्हणजे सरकारी समाजकल्याण कार्यालय, उरलेलं भरतं. मुलांकडे पैसे मागायला मात्र ते त्यांची वर्षाची कमाई एक लाख युरोंच्या वर असेल तरच जातं. हा २०२० चा नियम मला इथल्या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत माणुसकीचा वाटतो.

आणि तरीही, यातलं काहीच आमच्या आईवडिलांसाठी नाही. दर महिन्याला हप्ता कापला जातो तो शेजारच्या मजल्यावरच्या जर्मन आजीसाठी, आणि त्याचं वाईट वाटत नाही. पण आईवडिलांना इथे आणायचं म्हटलं तरी ते आमच्या सरकारी आरोग्यविम्यात कुटुंबीय म्हणून बसत नाहीत, आणि शुश्रूषेचा हक्क मिळायला गेल्या दहा वर्षांत दोन वर्षं विमा असावा लागतो. उलट आम्हीच म्हातारपणी पुण्याला परतलो, तर काही आठवड्यांनी ती रोख रक्कम थांबते. स्पेनला जाऊन राहिलो तर चालू राहते, कोथरूडला नाही. तीस वर्षं हप्ते भरलेला माणूसही मग तिथे अकरा महिन्यांच्या करारावर सही करणार आणि ब्यूरोला फोन लावणार. वृद्धाश्रमांवरचा तो वाद ऐकताना जीव तुटतो तो यासाठी. तिथल्या व्यवस्थेची गरज तिथल्यांइतकीच आम्हालाही पडणार आहे.