पुस्तक घेण्याआधी दुकानातच मोठ्याने वाचा

गेली चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. त्यामुळे कुणाचा वाढदिवस जवळ आला की फोन येतो, ‘ताई, कुठलं पुस्तक घेऊ?’ नावं नंतर. आधी मी एवढंच सांगते की दुकानात उभं राहून त्यातली दोन पानं मोठ्याने वाचा. लोक बघतील, बघू देत.

जीभ अडखळली तर पुस्तक परत ठेवा. ‘सशाला अत्यंत आनंद झाला व त्याने उंच उडी मारली’ असं कुठली आजी सांगते? ससा टुणकन उडी मारतो. बेडूक डुबुक करून पाण्यात पडतो, मांजर दबकत दबकत येतं, उंदीर सुळकन पळतो. मूल गोष्टीतलं आधी हेच पकडतं. अर्थ मागाहून येतो. अलीकडे इंग्रजीखाली मराठी छापलेली गुळगुळीत पुस्तकं खूप मिळतात. त्यातली कित्येक वाचताना कळतं की ही वाक्यं छापण्याआधी कुणी तोंडाने म्हणूनच पाहिलेली नाहीत. भाषांतराला माझा अजिबात विरोध नाही, पण कानाला न विचारता केलेलं भाषांतर मुलांपुढे ठेवू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आमच्याकडे फाटेपर्यंत वाचली जातात, त्याचं कारणही मला हेच दिसतं. त्या चित्रकला शिकल्या, नाटकात वावरल्या, गायल्या. लिहितात त्याच, चित्रंही त्याच काढतात. मोठ्यांची नजर अक्षरांवर असते तेव्हा मुलांची चित्रावर असते, आणि तिथे वाक्यात नसलेलं काहीतरी त्यांना सापडायला हवं. पारखायचं असेल तर मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघा. बोलण्यासारखं काही उरलं नाही, तर ती चित्रं केवळ सजावट आहे.

बांधणीही बघा, याकडे कुणी लक्ष देत नाही. मधोमध पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. गमने चिकटवलेलं जाडसर पुस्तक मिटायला बघतं आणि जोडपानावरच्या हत्तीचा चेहरा नेमका मधल्या खाचेत जातो. दहा-बारा मुलांसमोर धरायचं असेल तर हे फार जाणवतं. मांडीवर एकच मूल असेल तर लहान आकाराचंही चालतं. छापखान्यात मोठ्या कागदाच्या घड्या पडतात, त्या हिशोबाने ही पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. तिसऱ्या वर्षी १६ पानं भरपूर झाली.

पैशांची अडचण असेल तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी तर बघाच.

आणि तात्पर्य! एका प्रदर्शनातून मी दहा पुस्तकांचा संच आणला होता. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी रंगीत चौकटीत उपदेश. माकडाची गोष्ट ऐन रंगात आली होती. शेवटी ‘म्हणून आपण कधीही हट्ट करू नये’ असं वाचलं, आणि सगळ्यात पुढे बसलेली साडेचार वर्षांची मुलगी उठून दाराशी जाऊन बसली. आदल्याच दिवशी तिने घरी हट्ट केला होता. तिला वाटलं, गोष्ट तिलाच रागावली. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री दहाही पुस्तकांतल्या चौकटींवर मी पांढरे कागद चिकटवले.

काही पालकांना हे पटलेलं नाही. संस्कार कसे होणार, असं ते विचारतात. माकडाचं काय झालं ते मुलांनी पाहिलेलं असतं, मला तेवढं पुरेसं वाटतं.

पुढच्या शनिवारी त्याच मुलीने तो कोरा कागद बघितला आणि पेन्सिल मागितली. माकड घरी जाऊन झोपलंय, असं चित्र तिने तिथे काढलं. आता आम्ही ते पानही वाचतो.