खरी तयारी वाद्यांची

स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस आणि जर्मनीच्या बव्हेरियातलं ऑग्सबर्ग या जोडशहरांच्या (१९५६ पासूनचं नातं) पाइप बँड (बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा ताफा) दौऱ्याच्या तयारीवर एक लेख वाचला. तयारी म्हणजे तिकिटं आणि मुक्काम, एवढंच त्यात आलंय. वाद्यांचं काय?

जुन्या बॅगपाइप्सवर हस्तिदंताच्या कड्या असतील तर सायटीस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणपत्र आधीच काढा आणि नेमून दिलेल्या विमानतळावर किंवा बंदरावर कस्टम्सचा शिक्का घ्या. ब्रेक्झिटनंतर हे युरोपला जातानाही लागतं, नाहीतर वाद्य जप्त होऊ शकतं.

विमानातल्या कोरड्या हवेने नळ्यांच्या सांध्यांवरचा मेणाचा दोरा आकसतो आणि ड्रोन (एकच सूर धरून ठेवणारी लांब नळी) वाजवतानाच निसटतो. उतरल्यावर प्रत्येक सांधा हाताने फिरवून पाहा, सैल वाटला तर दोन-चार वेढे वाढवा. रीड (नळीत बसवायची, सूर उमटवणारी पातळ पट्टी) हातातल्या बॅगेत, डबीत.

आणि बव्हेरियातलं उन्हाळी ऊन! त्यात चँटरचा (बोटांनी वाजवायच्या भोकांच्या नळीचा) सूर ड्रोनपेक्षा जास्त चढतो, मग ड्रोनचे सांधे आत सारून आखूड करावे लागतात. एखादाच स्वर चढला असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला टेप लावा, तो उतरतो. टेप फार खाली आली की मात्र स्वर घुसमटतो. सावलीत सूर लावून उन्हात वाजवायला उभं राहू नका, जिथे वाजवायचं तिथेच आधी वाद्य तापवा.

पोशाखातली मोज्यात खोचायची सुरी चेक-इन सामानातच ठेवा.