गोळीनं एन्झाइम मरत नाही, उलट वाढतं

‘तूप-अंडी सोडा, कोलेस्टेरॉलची गोळी कचऱ्यात टाका. ती विषारी केमिकल आहे, लिव्हरमधलं एन्झाइम कायमचं मारते.’ हा फॉरवर्ड मला या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. पाठवणारे काका स्वतः गोळी घेतात, म्हणून लिहायला बसलो.

कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येतं, हे मुळातच चूक. एका अंड्याच्या बलकात साधारण 200 मिलिग्रॅम असतं. शरीर स्वतःच रोज त्याच्या काही पट बनवतं. जन्मात अंडं न खाल्लेल्यांचेही रिपोर्ट बिघडतात ते म्हणून. तूप कमी केल्यानं फरक पडतो, पण तो मुख्यतः संपृक्त चरबीमुळे.

आता ते ‘मेलेलं’ एन्झाइम. शरीरात कोलेस्टेरॉल बनवण्यातलं हे कळीचं एन्झाइम. नाव एचएमजी-कोए रिडक्टेज, 888 अमिनो आम्लांची साखळी. तिचा एक भाग पेशीतल्या पडद्यात आठ वेळा ओवलेला, काम करणारा भाग बाहेर पेशीद्रवात. पडद्यातला भाग माल किती साठलाय ते ओळखतो. स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याची भावंडं) वाढले की इन्सिग नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि एन्झाइम सरळ भंगारात जातं. पेशीत ऊर्जा कमी पडली तर एएमपीके नावाचं दुसरं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवून गप्प बसवतं. म्हणजे हे एन्झाइम मोडणं, थांबवणं, पुन्हा बनवणं शरीरात गोळीशिवायही चालूच असतं.

मग स्टॅटिन, म्हणजे काकांची ही गोळी, काय करतं? एसटीत रुमाल टाकून सीट अडवतात, तेवढंच. एन्झाइमवर एचएमजी-कोए या कच्च्या मालाची जी जागा असते, ती ते अडवतं. रुमाल उचलला की सीट मोकळी. शिवाय कोलेस्टेरॉल कमी पडलं म्हणून पेशी हेच एन्झाइम आणखी बनवते आणि सोबत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) रक्तातून पकडून आत घेणारे रिसेप्टरही वाढवते. रक्तातलं एलडीएल उतरतं ते मुख्यतः या रिसेप्टरांमुळे. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं.

‘विषारी केमिकल’ म्हणाल, तर पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना 1970 च्या दशकात बुरशीत सापडलं.

स्नायू दुखण्याची तक्रार काहींना खरंच होते, क्वचित लिव्हरच्या तपासण्याही बिघडतात. तसं झालं तर डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. काकांनी मनानंच बंद केली, तर काही आठवड्यांत एलडीएल जवळपास जुन्या आकड्यावर येईल.