गजन पिनचे जुने लॉक आणि तो मेसेज

परवा मामेभावाचा फोन आला. मामाची स्प्लेंडर इंजिनकामाला उघडलीय, ब्लॉक (सिलिंडर) बोअर होऊन, म्हणजे आतून घासून मोठा होऊन आलाय, पिस्टन घरीच बसवायचा म्हणतो. "दादा, गजन पिनचे जुने लॉक चालतात ना? मेसेज आलाय तसा." गजन पिन म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी पिन, आणि लॉक म्हणजे ती सरकू नये म्हणून तिच्या टोकांना पिस्टनच्या खाचेत बसणारी तारेची क्लिप. मेसेज वाचला आणि डोकं फिरलं. 'मेकॅनिक लपवतात त्या गोष्टी' म्हणून सगळ्या बाइकवाल्या ग्रुपांत फिरतोय तो.

'लॉक मोडला नसेल तर तोच घाला, नवा घ्यायला लावणं ही कंपनीची कमाई.' काही रुपयांच्या तारेवर कसली कमाई? लॉक काढताना तो पकडीत दबतो, वाकतो. ताण गेला की खाचेत घट्ट धरत नाही. 6000 आरपीएमला पिस्टन सेकंदाला 200 वेळा दिशा बदलतो. त्या हिसक्यांत लॉक निसटला की पिन बाजूला सरकते आणि सिलिंडरला उभा चर पाडते. असा ब्लॉक मी हातात घेऊन पाहिलाय, चरात नख अडकत होतं. मग परत बोअर, परत पिस्टन, आधीचा सगळा खर्च पाण्यात. स्प्लेंडरचं इंजिन मुळात होंडाचं, आणि होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलात सरळ लिहिलंय: क्लिप नवेच वापरा, क्लिपचं तोंड पिस्टनच्या क्लिप काढायच्या खाचेसमोर आणू नका.

'पिन जात नसेल तर पिस्टन गॅसवर तापवा आणि हातोडीने ठोका.' तापवायचं बरोबर आहे, तेवढं मान्य. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक सैल होतं. पण त्याला गरम तेल पुरतं. गॅसच्या ज्योतीवर एकच बाजू तापते. आणि रॉडला आधार न देता ठोकलंत तर रॉडच वाकेल. नव्या पिस्टनमध्ये तेल लावलेली पिन बहुतेक वेळा अंगठ्याने जाते. जात नसेल तर आधी पिन आणि भोक तपासा.

'पिस्टनच्या डोक्यावरच्या खुणेला अर्थ नाही', असंही मेसेजात आहे. अर्थ नाही? 'आयएन' (IN) खूण इनटेककडेच, म्हणजे पेट्रोल-हवा आत येते त्या बाजूलाच हवी, व्हॉल्व्हसाठीचे खळगे त्या हिशोबाने कोरलेले असतात. पिस्टनच्या रिंगांची तोंडं (फटी) एका रेषेत ठेवायचा सल्ला तर कुठून आणला कोण जाणे. एकमेकींपासून 120 अंशांवर फिरवून ठेवायची, विषय संपला.

भावाला नवे लॉक आणायला पाठवलंय. बसवताना क्रँककेसच्या (ब्लॉकखालची, क्रँक असलेली पेटी) तोंडात स्वच्छ फडकं कोंब, हेही सांगितलं. बोटातून उडालेला लॉक थेट खाली क्रँकमध्ये जातो, आणि मेसेजात याबद्दल एक अक्षर नाही.