उन्हाळ्याला ऊन चालत नाही

सदर्न कॅलिफोर्नियात घर घेतलं की हॉलमध्ये सर्फिंगच्या पिक्चरचं पोस्टर लागतंच, तुम्हाला पोहता येवो न येवो. आमच्याकडे अर्थातच ‘द एंडलेस समर’. भडक गुलाबी, नारिंगी, पिवळाधम्मक सूर्य आणि बोर्ड (लाटांवर उभं राहून घसरायची ती फळी) घेतलेल्या तीन काळ्या आकृत्या.

आई आली आणि पहिलाच प्रश्न, "एवढ्या फळ्या घेतल्यात तर पाण्यात एकपण कसा नाही रे?" आता मुद्दा बरोबरच आहे ना! सर्फिंगचं एवढं फेमस पोस्टर आणि सर्फिंग कोणीच करत नाहीये. मी म्हटलं अगं तो पुढे डोक्यावर बोर्ड घेऊन उभाय ना तो डायरेक्टर, ब्रूस ब्राउन, आणि पिक्चरचे हिरो माइक हिन्सन अन् रॉबर्ट ऑगस्ट ते मागे बारके दिसतायत. "म्हणजे आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखंच की," आई म्हणाली.

पण खरा ताप फ्रेमचा. दुकानदार म्हणतो उन्हात लावू नका, हे फ्लोरोसंट रंग उन्हाने उडतात. अहो नावात समर, चित्रात अख्खा सूर्य, आणि याला ऊन चालत नाही?! मग उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्हीवाली काच, मग कागद पिवळा पडू नये म्हणून मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, मग आकडा ऐकून माझाच रंग उडाला. आणि माझं साधं रीप्रिंट हो. जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्डने ओरिजिनल डिझाइन केलं तेव्हा तो आर्ट स्कूलमध्ये शिकत होता आणि त्याला म्हणे दीडशे डॉलर मिळाले. माझी काचच त्याच्या पुढे गेली.

त्या काळी, म्हणजे साठच्या दशकात, या सर्फिंगच्या पिक्चरना थेटर कोण देणार? करणाऱ्याने स्वतःच शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, स्टेजवर माइक धरून स्वतःच कॉमेंट्री करायची, आणि त्याआधी गावभर खांबांवर स्टेपलरने पोस्टरं ठोकत हिंडायचं. पोरं ती शो व्हायच्या आधीच फाडून घरी न्यायची (माझ्या मते तेच खरे रसिक). असेच पिक्चर काढणाऱ्या जॉन सेव्हरसनने तर 1960 मध्ये आपल्या पिक्चरसोबत विकायला एक पुस्तिका काढली, तिचंच पुढे ‘सर्फर’ मॅगझिन झालं. टाचण्या, फाटके कोपरे, समुद्राची खारी हवा, सगळं चालायचं. ॲसिड-फ्री पुठ्ठा कोणी मागितला नव्हता.

शेवटी घरात ऊन न येणारी एकच जागा सापडली, बाथरूमबाहेरचा पॅसेज. तिथे आता लाइट लावल्याशिवाय काही दिसत नाही. आई मात्र रोज आंघोळ करून आली की लाइट लावते आणि सूर्याला हात जोडते, डायरेक्टरसकट.