पापण्यांचे पीक
माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे आणि त्यासाठी रोज रात्री त्या एकाच डोळ्यात औषधाचा थेंब पडतो. परिणामी अप्पांचा उजवा डोळा निवृत्त मामलेदाराचा, तर डावा थेट गौळणीचा दिसतो. दादरच्या आमच्या डॉक्टरांना याचे काहीच नवल वाटले नाही. बायमॅटोप्रोस्ट नावाचे हे औषध मुळात डोळ्यातला दाब कमी करणारे. पण ते घेणाऱ्यांच्या पापण्यांचे केस लांब, दाट आणि काळे होऊ लागले, तेव्हा २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ०.०३ टक्के तीव्रतेच्या त्याच द्रावणाला खास पापण्यांसाठी मान्यता दिली.

माझ्या पापण्या म्हणजे पाऊस लांबलेल्या साली उगवलेला भात, रोपे कमी आणि जमीन जास्त. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, पण डोळ्यांचा रंग कायमचा तपकिरी होण्याची थोडी शक्यता असते, हेही बजावले. घारे डोळे ही आमच्या माहेरची एकमेव वडिलोपार्जित इस्टेट असल्यामुळे आईने फोनवरच सुतक धरले.

औषध लावण्याचा विधी सोवळ्याचा होता. चेहरा धुवायचा, निर्जंतुक ब्रशवर एक थेंब घ्यायचा, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी काजळाच्या रेघेसारखा फिरवायचा, तो ब्रश टाकून दुसऱ्या डोळ्याला नवा घ्यायचा, आणि खालच्या पापणीला मुळीच लावायचे नाही. ओघळ तत्काळ टिपायचा, कारण औषध जिथे वारंवार लागते तिथे केस उगवू शकतात. घरात आरसा एकच, तोही मोरीच्या दाराशी, आणि रात्री साडेदहाला आमच्या ह्यांना नेमके दात घासायचे असत. अनुभवी लाभार्थी या नात्याने अप्पा मागे खुर्ची टाकून बसत. "सूनबाई, थेंब गालाकडे निघाला," असे ते म्हणाले की मला मिशा फुटल्याचा भास होई.

दोन महिने होत आले तरी हाती लागली ती खाज आणि लाली. चर्चगेटच्या गाडीत, बायकांच्या डब्यात, कोणीतरी विचारले, "डोळे आलेत का हो?" मी उत्तर देण्याआधीच दोघीजणी उठून दाराशी गेल्या आणि आयुष्यात प्रथमच मला दादरपासून खिडकी मिळाली. औषधाचा हा एवढाच गुण तत्काळ आला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. (लाली गेली, तशी खिडकीही गेली.)

मग, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सोळाव्या आठवड्यापर्यंत, पीक आले, आणि असे आले की प्रत्येक उघडझापीला केस चष्म्याच्या काचेवर घासू लागले. दुपारपर्यंत काचेवर तेलकट रेघा उमटत आणि साहेबांचा चेहरा जाळीच्या पडद्याआडून पाहिल्यासारखा दिसे. औषध बंद केले की केस हळूहळू पूर्वीसारखे होतात, म्हणजे चार महिन्यांची साधना पाण्यात. ह्यांना मात्र कशाचाच पत्ता नव्हता. मी चष्मा बदलला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

तोडगा अप्पांनीच काढला. "चष्मा नाकाच्या शेंड्यावर घे," ते म्हणाले, "मी कित्येक वर्षे तसाच घालतो." हल्ली सकाळी गॅलरीत आम्ही दोघे चष्मे शेंड्यावर घेऊन पेपर वाचतो, आणि दूधवाला हिशेबाचे पैसे मुकाट्याने बरोबर सांगतो.